खंजिराची प्रामाणिक झीज

सकाळी खिडकीशी बसून सफरचंद सोलणाऱ्या एका निवृत्त सैनिकाच्या हातातला खंजीर कुटुंबाच्या व्यापक हितासाठी ताब्यात घेण्यात आला. सफरचंद त्या वेळी अर्धंच सोललं होतं. त्याबाबत कोणताही आदेश नसल्यामुळे ते तसंच ठेवण्यात आलं.

खंजीर ताब्यात घेणारा त्यांचा मुलगा विमा कचेरीत कामाला होता. आदल्या संध्याकाळी त्याने साहेबांच्या दिवाणखान्यात हुबेहूब असाच खंजीर पाहिला होता. काचेच्या पेटीत, मखमलीवर, वर एक छोटा दिवा. साहेब त्याच्याविषयी बोलताना आवाज खाली आणत होते. आणि आपल्या घरी त्याच जातीच्या खंजिराने काकड्या चिरल्या जातात, या विचाराने मुलाला अन्न गोड लागेना.

बाबांचं म्हणणं एवढंच होतं, की आपला उजवा अंगठा वाकत नाही आणि दुसरी कुठलीही सुरी हातात बसत नाही. तेव्हा खंजीर परत द्यावा. हे म्हणणं शांतपणे ऐकून घेण्यात आलं, म्हणजे त्यावर काही करायचं नाही असं ठरलं.

मुलाने किंमत ठरवायला बोलावलेला जुन्या वस्तूंचा मूल्यमापक आला तेव्हा सूनबाई खंजीर भांड्यांच्या पावडरने घासायच्या बेतात होती. पाहुणा येणार म्हटल्यावर वस्तू लख्ख नको का? त्याने दारातूनच तिला थांबवलं. घाण हीच वस्तूची मिळकत असते, घासलेला खंजीर म्हणजे नुसती सुरी, असं त्याने समजावलं. मग पांढरे हातमोजे चढवून भिंग डोळ्याला लावलं.

बाबाही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. खंजिराला किंमत नाही असं एकदा ठरलं, की तो आपोआप आपल्या हातात येईल, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यासाठी खोटं बोलायचीही गरज नव्हती.

"ही पात्यावरची खाच?" मूल्यमापकाने विचारलं.

"झटापटीत पडली असेल," मुलगा मोठ्या आशेने म्हणाला.

"डबा फोडताना पडली," बाबा म्हणाले. "वाटाण्याचा. मी भटारखान्यात होतो. शत्रू मी लांबूनसुद्धा बघितला नाही."

मूल्यमापक खालीच बसला. लढाईतल्या खाचा बाजारात पैशाला पासरी मिळतात, त्यातल्या निम्म्या तर दुकानदारच पाडतात, असं तो म्हणाला. पण वाटाण्याची खाच त्याने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. 'झीज: प्रामाणिक' असा शेरा मारून त्याने खंजिराला एक श्रेणी वर चढवलं.

मूठ मूळची नाही, तुटली तेव्हा खाटेच्या पायाचं लाकूड बसवलंय, हे बाबांनी लगोलग सांगून टाकलं. ती 'रणभूमीवरील दुरुस्ती' ठरली आणि खंजीर आणखी एक श्रेणी चढला. आगीतून फुफाट्यात पडलेल्या बाबांनी मग शेवटचा पत्ता टाकला. सरकारी खंजीर हरवला होता. शिक्षा चुकवायला त्यांनी छावणीबाहेरच्या लोहाराकडून हा नकली करून घेतला होता.

मुलाचा चेहरा खर्रकन उतरला. मूल्यमापकाने मात्र हातमोजा काढून डोळे पुसले.

"अस्सल होते ते सगळ्यांनी जपले," तो म्हणाला. "नकली होते ते फेकून दिले. त्यामुळे अस्सल आता गल्लोगल्ली आहेत. असा अस्सल नकली हा एकच."

अडचण एकच निघाली. वाटाणे, खाट आणि लोहार, तिन्हींना पुरावा काय, तर बाबांचं तोंड. बाबांवाचून खंजीर म्हणजे पुन्हा सुरीच. म्हणून दोघांची नोंद 'पूर्ण संच' अशी झाली. संच एकत्र ठेवावा, उन्हात नेऊ नये, घासूपुसू नये. सूनबाईने अंघोळीचं विचारलं, तेव्हा मूल्यमापकाने शहारून डोळे मिटले.

खंजीर काचेच्या पेटीत गेला आणि बाबांची खुर्ची पेटीशेजारी आली. दोघांवर मिळून एक दिवा. आणि मग अजबच झालं. मुलगा रोज संध्याकाळी बाबांजवळ बसू लागला, पुराव्यात खंड पडू नये म्हणून. तोच त्यांना सफरचंद सोलून द्यायचा. सालीबरोबर निम्मा गर जायचा, पण बाबा एक शब्द काढायचे नाहीत. सूनबाई चहा दोनदा विचारायची. लोक बघायला येत, अदबीने चार हात लांब उभे राहत, कारण अंघोळ बंद होती. खुद्द साहेब आले आणि बाबांच्या खुर्चीपाशी त्यांचा आवाज खाली आला. बाबा भटारखान्याच्या गोष्टी सांगताना इतके हसत, की कवळी दोनदा पेटीवर आदळली. खंजिराची आठवणही त्यांना येईनाशी झाली.

वर्षाने फेरतपासणी झाली. मूल्यमापकाने खंजीर पाहून मान डोलावली. मग भिंग बाबांवर धरलं आणि तो दचकला.

"याला कुणी हात लावला?"

सर्वांनी शपथेवर नाही म्हणून सांगितलं. वास साक्षीला होताच.

"मग कपाळावरच्या मूळच्या आठ्या कुठे गेल्या? पाठ सरळ कशी झाली? गालांवर चकाकी कसली आहे ही?"

हा सरळसरळ जीर्णोद्धार होता, आणि जीर्णोद्धार झालेल्या संचाला बाजार विचारत नाही. मुलाने घाबरत विचारलं, मूळ स्थिती परत आणता येईल का?

"सहज," मूल्यमापक म्हणाला. "पूर्वी वागत होतात तसंच वागा. वर्षभरात येते."

त्याच संध्याकाळी अंमलबजावणी सुरू झाली. मूळ वापर पुन्हा चालू व्हावा म्हणून पेटी उघडून खंजीर बाबांना देण्यात आला. तो हातात पूर्वीसारखाच चपखल बसला. बाबांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"आज बसत नाहीस का रे?"

"तुमच्याच भल्यासाठी बाबा," मुलगा दारातूनच म्हणाला आणि आत गेला.

बाबांना वाईट वाटलं. जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि तरीही वाईट वाटलं. ताज्या पाहणीनुसार पहिली आठी उमटली असून एकूण प्रगती समाधानकारक आहे.

खंजिराची किंमत अखेर किती ठरली, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही म्हणून वाचक नाराज असतील. तो त्यांचा हक्क आहे. बाबांचं नावही कुठे सांगितलेलं नाही. त्याबद्दल मात्र अद्याप एकही तक्रार आलेली नाही.