दयाळ गुरुजी प्रशिक्षणाला जातात

एका जंगलात, बाळांनो, संध्याकाळी कुणी कुणाला खात नसे.

हसू नका. खरंच नसे. सकाळी खात, दुपारी खात, रात्रीचं तर विचारूच नका. पण ऊन कललं की पाणवठ्यावर सगळे शेजारी शेजारी उभे राहून पाणी पीत. हरणं पीत, डुकरं पीत, ससे पीत. आणि पलीकडच्या खडकावर वाघमहाराज पंजे पसरून घोरत पडलेले असत.

ही सगळी दयाळ गुरुजींची कृपा.

दयाळ म्हणजे मुठीएवढा, काळापांढरा, शेपटी उभी ठेवणारा पक्षी. गुरुजी जंगलाचे संगीतशिक्षक होते. रोज संध्याकाळी बाभळीच्या फांदीवर बसून ते वृंदगान घेत. आधी स्वतः सूर लावत. तो सूर रातकिडे उचलत. मग बेडूक खालून भर घालत. मध्ये रानडुक्करतात्या आपल्या जाड आवाजात शिरत आणि सगळ्यात शेवटी गवेदादा खर्ज लावत. गवेदादा अंगानं टेकडीएवढे, पण गाताना त्यांचे डोळे भरून येत आणि ते पुढचे शब्द विसरत. मग गुरुजी शेपटी जरा जोरात हलवून त्यांना वाटेवर आणत. शेपटी वर गेली की गाणं चढे, खाली आली की उतरे.

वाघमहाराजांना गाणं फार आवडे. पहिल्या कडव्याला ते "वा!" म्हणत आणि दुसऱ्या कडव्याला झोपत. रसिक बहुधा असेच असतात.

असं छान चाललं होतं. आणि जे छान चाललेलं असतं, ते कुणाच्या तरी नजरेस पडतंच.

एका संध्याकाळी पाणवठ्यावर बगळेसाहेब आले. ते 'वृंदगान-संचालक व संगीतशिक्षक क्षमतावृद्धी केंद्रा'चे प्रमुख होते. केंद्र डोंगरापलीकडच्या तळ्यावर होतं. साहेबांनी सबंध गाणं एका पायावर उभं राहून ऐकलं. मग दुसरा पाय खाली ठेवला आणि विचारलं, "गुरुजी, तुमची प्रशिक्षणं किती झाली?"

"एकही नाही, साहेब."

"एकही नाही? मग गाणं शिकलात कुठे?"

"वडिलांकडे. ते शेपटी हलवायचे, मीही हलवायला लागलो."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. त्यांना यातना झाल्या असाव्यात.

"गुरुजी, शेपटी कुठे असते?"

"मागे."

"म्हणजे पद्धत मागासलेली! अहो, इतकी वर्षं तुम्ही या निष्पाप बेडकांना मागासलेल्या पद्धतीनं गायला लावताय. जगात वृंदगान कुठल्या कुठे गेलंय!"

"कुठे गेलंय, साहेब?" गवेदादांनी काळजीनं विचारलं.

साहेबांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. "उद्यापासून गाणं बंद. आधी प्रशिक्षण, मग प्रमाणपत्र, मग गाणं."

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी चिडले असतील. नाही, बाळांनो. गुरुजींना वाईट वाटलं, पण थोडं खरंही वाटलं. चांगल्या शिक्षकाचं हेच तर दुखणं असतं. त्याला कुणीही येऊन सांगावं, तुमचं चुकतंय, आणि त्यानं लगेच आपलं तपासायला बसावं. गवेदादा रोज शब्द विसरतात. ते आपल्या शेपटीमुळे तर नसेल?

"जाऊन येतो," गुरुजी म्हणाले. "नवीन काही शिकलो तर तुमचंच भलं होईल."

"लवकर या हो," रानडुक्करतात्या म्हणाले. "आम्ही तोवर पाणी जपून पिऊ."

डोंगरापलीकडच्या तळ्यावर बरेच शिक्षक जमले होते. कोकीळ होती. ती वर्षातून एकदाच वर्ग घेई, पण बोलबाला तिचाच. कोंबडा होता. तो वर्षानुवर्षं रोज एकच धडा शिकवत आला होता आणि जेवणाची सुट्टी कधी होणार, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं.

तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून एका मडक्यातून मरळताईंना आणलं होतं. मरळ म्हणजे मासा. विषय होता 'आवाजापलीकडचं गायन'. मरळताईंनी तोंड उघडलं, मिटलं, उघडलं, मिटलं. बगळेसाहेब मडक्यावर मान वाकवून त्याचा अर्थ सांगत होते.

"ताई म्हणतात, खरं गाणं ऐकू येत नाही."

"अहाहा!" कोकीळ म्हणाली. "किती खोल!"

"खोल असणारच," कोंबडा पुटपुटला. "पाण्यातल्या आहेत."

गुरुजींनी मात्र जिवाचे कान केले. काहीच ऐकू आलं नाही. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. एवढ्या मोठ्या तज्ज्ञ बोलताहेत आणि आपल्याला एक अक्षर कळू नये?

जेवणाच्या सुट्टीनंतर मडकं रिकामं होतं.

"ताई कुठे गेल्या?" गुरुजींनी विचारलं.

"दुपारचं सत्र मीच घेणार आहे," बगळेसाहेब चोच पुसत म्हणाले. "ताईंचे विचार मी पूर्णपणे पचवले आहेत."

दुपारी प्रत्येकाला एकेक काडी मिळाली. यापुढे ताल शेपटीनं नाही, चोचीत काडी धरून द्यायचा.

"साहेब," गुरुजींनी भीत भीत विचारलं, "चोचीत काडी धरली, तर गायचं कशानं?"

"तुम्हाला गायला कुणी सांगितलं? तुम्ही संचालक. गायचं ते विद्यार्थ्यांनी."

"पण ते सूर माझ्याकडून घेतात."

"लिहून घ्या सगळ्यांनी," साहेब म्हणाले. "परावलंबन. दोष पहिला."

तिसऱ्या दिवशी दुपारी गटकार्य झालं. प्रत्येकानं तळ्याकाठचे दगड मांडून आपलं वृंदगान उभं करायचं होतं. कोंबड्यानं दोन दगड ठेवले आणि डुलकी काढली. गुरुजींनी मनापासून केलं. लहान खडे पुढे, मोठे मागे आणि सगळ्यात मागे गवेदादांच्या जागी एक काळा धोंडा. मग चोचीत काडी धरून त्यांनी ताल दिला. दगड गप्प बसले.

बगळेसाहेब थक्क झाले. "बघा! शिस्त बघा! एक तरी बेसूर झाला का? एक तरी शब्द विसरला का? टाळ्या!"

टाळ्या पडल्या. गुरुजींची छाती फुगली. बाळांनो, पाणवठ्यावर इतकी वर्षं गाऊन त्यांना टाळी कधी मिळाली नव्हती. ऐकणारे पाणी पीत असत, नाहीतर झोपलेले असत. त्या दुपारी गुरुजी इतके खूश होते, की पाणवठ्याची त्यांना आठवणही झाली नाही.

आणि नेमकी तेव्हाच टिटवीमावशी ओरडत आली. जंगलातली बातमी सर्वांत आधी तिला कळायची.

"गुरुजी! अहो गुरुजी! वाघानं तात्यांना खाल्लं!"

"कोणत्या तात्यांना?"

"किती तात्या आहेत तुमच्याकडे? रानडुक्करतात्यांना! परवा गेले ससे, काल तात्या. गाणं नाही, त्यामुळे वाघाला झोप नाही. खडकावर डोळे उघडे ठेवून बसलाय मेला. गवेदादांनी तर पाण्याचा थेंबही घेतलेला नाही."

गुरुजींच्या चोचीतली काडी गळून पडली. ते तसेच बगळेसाहेबांकडे गेले.

"साहेब, मला जाऊ द्या. मी गायलो नाही, तर वाघ जागा राहतो."

"जा की. अडवलंय कुणी? फक्त मध्येच गेलात तर प्रमाणपत्र मिळणार नाही."

"नको मला प्रमाणपत्र."

"मग गाता येणार नाही."

"मग गाण्यासाठी करू तरी काय?"

"इथे बसा," साहेब प्रेमानं म्हणाले.

गुरुजी बसले. का बसले, ते त्यांनाही पुढे कधी सांगता आलं नाही. उडून जाता आलं असतं. पंख होते. पण सगळे बसले होते आणि पुढचं सत्र सुरू झालं होतं. त्या सत्राचा विषय 'संवेदनशील शिक्षक' हा होता. गुरुजींना त्यातलं काहीही ऐकू आलं नाही. त्यांना सारखा तात्यांचा जाड आवाज आठवत होता. तात्या नेहमी अर्धी मात्रा आधी शिरायचे. "तात्या, घाई नको," असं गुरुजी त्यांना रोज सांगत.

आणखी बऱ्याच दिवसांनी प्रशिक्षण संपलं. गुरुजींना प्रमाणपत्र मिळालं, गळ्यात शेवाळाचा हार पडला, चोचीत काडी आली. ते पाणवठ्यावर परतले, तेव्हा ऊन कलत होतं.

समोर जमलेल्यांवरून त्यांनी नजर फिरवली. सशांची रांग गेलेली. डुकरांचं कुणीच नाही. हरणांमध्ये जागोजाग फटी. बेडूक तेवढे पूर्ण होते, कारण वाघ बेडूक खात नाही. गवेदादांच्या बरगड्या मोजता येत होत्या.

वाघमहाराजांचंही काही बरं चाललेलं नव्हतं. खाणं वाढलेलं, झोप उडालेली. पित्तानं त्यांचे डोळे लाल झाले होते.

तपासणीसाठी बगळेसाहेब स्वतः आले होते. उपस्थिती पाहून ते म्हणाले, "वा! वर्ग आटोपशीर झाला. आता प्रत्येक विद्यार्थ्याकडे व्यक्तिगत लक्ष देता येईल. करा सुरू."

"गुरुजी," गवेदादा कोरड्या घशानं म्हणाले, "आता गा हो."

गुरुजींनी काडी उचलली. डावीकडे नेली, उजवीकडे नेली, वर नेली. अगदी शिकवल्याप्रमाणे.

रातकिडे वाट बघत राहिले. बेडूक रातकिड्यांकडे बघत राहिले. सूर येईना. पाणवठ्यावर एवढी शांतता झाली, की खडकावरून उतरणाऱ्या वाघाची पावलं ऐकू येऊ लागली.

"उत्तम!" बगळेसाहेब कुजबुजले. "एकही बेसूर नाही!"

वाघ गवेदादांच्या समोर येऊन उभा राहिला. गवेदादा पळाले नाहीत. त्यांच्यात तेवढी ताकदच नव्हती. त्यांनी फक्त गुरुजींकडे पाहिलं, शब्द विसरल्यावर पाहायचे तसंच.

गुरुजींनी काडी थुंकली.

घसा बसला होता. पहिला सूर फाटला. दुसरा थोडा सावरला. शेपटी आपोआप उभी राहिली. रातकिड्यांनी सूर ओळखला आणि त्यावर झडप घातली. बेडकांनी खालून भर घातली. तात्यांची जागा आली तेव्हा गाण्याला मोठं भोक पडलं, पण सगळे त्यावरून उडी मारून पुढे गेले. गवेदादांनी खर्ज लावला आणि ते ढसाढसा रडू लागले. शब्द पार विसरले. पण खर्ज सोडला नाही.

वाघानं वर केलेला पंजा तसाच ठेवून ऐकलं. "वा," तो हळूच म्हणाला. दुसऱ्या कडव्याला त्यानं जांभई दिली आणि होता तिथेच, गवेदादांच्या पायाशी, तो आडवा झाला. एवढी झोप साचली होती बिचाऱ्याची!

मग सगळे पाण्यावर तुटून पडले. गवेदादा इतकं प्यायले, की पाणवठा बोटभर खाली गेला.

गुरुजी बगळेसाहेबांसमोर मान खाली घालून उभे राहिले. "साहेब, चूक झाली. तुम्ही शिकवलं त्याच्या बरोबर उलट केलं मी."

"उलट!" साहेब उद्गारले. "गुरुजी, शिकवलेल्याच्या उलट करता येणं, यालाच तर प्रगत प्रशिक्षण म्हणतात! आमच्या केंद्राला एवढं यश आजवर आलं नव्हतं. तुमच्यासारखा शिक्षक या पाणवठ्यावर वाया घालवणं म्हणजे पाप आहे. आजपासून तुम्ही केंद्राचे मुख्य प्रशिक्षक. उद्या संध्याकाळी निघायचं."

"पण साहेब, इथे कोण गाणार?"

"पर्यायी व्यवस्था विचाराधीन आहे."

बातमी रातोरात जंगलभर झाली. आपल्या पाणवठ्याचे गुरुजी मुख्य प्रशिक्षक! हरणांना आनंद झाला. बेडकांना अभिमान वाटला. सत्कार करायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी दुपारपासून पाणवठ्यावर झावळ्यांचा मांडव उभा राहत होता.

गुरुजी फांदीवर बसून बघत होते. त्यांना जायचं नव्हतं. कुणीतरी म्हणावं, "जाऊ नका." एवढंच त्यांना हवं होतं. एकानं जरी म्हटलं असतं, तरी ते थांबले असते.

पण इतक्या चांगल्या प्रसंगी असं अभद्र कोण बोलणार?

गवेदादांनी भाषण केलं. "आमचे गुरुजी मोठे झाले," ते म्हणाले आणि पुढचं विसरले. मग नुसतेच रडले. सगळ्यांना वाटलं, आनंदाश्रू. गुरुजींनी जरा थांबून वाट पाहिली. गवेदादा डोळे पुसून म्हणाले, "सुखानं जा."

गुरुजींनी सगळ्यांना नमस्कार केला आणि ते डोंगराच्या दिशेनं उडाले. मागून टाळ्यांचा कडकडाट बराच वेळ ऐकू येत होता.

भाषणं लांबली होती. एकेकजण उठून गुरुजींच्या आठवणी सांगत होता. वाघमहाराज नेहमीच्या वेळी, चांगली झोप झालेले आणि ताजेतवाने, पाणवठ्यावर आले, तेव्हा सगळे अजून मांडवातच होते.

तात्पर्य : गुणी शिक्षकाची कदर वेळच्या वेळी, सर्वांनी एकत्र जमून करावी. वाघालाही पोट असतं.