खैरनारकाकांचं ऊन

दुपारी एकला बेल वाजली की आमच्या घरात दार उघडायला कुणी उठत नाही. बाहेर खैरनारकाका असणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. डोक्यावर ओला पंचा, गळ्यात कॅमेरा आणि तोंडात एकच वाक्य, "चला, ऊन वाया चाललंय!"

काका आमच्या समोरच्या फ्लॅटमधले, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. दीड वर्षापूर्वी काकू गेल्या आणि या माणसाच्या पायाला भिंगरी लागली. मिररलेस कॅमेरा घेतला, तो नवाकोरा असतानाच उघडायला लावून आतली एक काच काढून घेतली. आता त्याला म्हणे आपल्याला न दिसणारे अवरक्त किरण दिसतात. गंगापूर रोडची झाडं त्यात पांढरीफटक येतात आणि आभाळ काळं. माझा चांगला काळा शर्ट धुऊन विटल्यासारखा आला. "डोळ्याचं काही खरं नाही," काका खूश! खालच्या मजल्यावरच्या देशमुखांच्या दारावरचं हिरवंगार तोरण काळं आलं, तेव्हा ते प्लास्टिकचं असल्याचं त्यांनी जिन्यात उभं राहून जाहीर केलं. देशमुखवहिनी अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

पण काकांचा जीव अडकला होता तो एका पानात. काकूंच्या रेसिपीच्या वहीतलं शेवटचं पान, पेन्सिलीनं लिहिलेलं. काकू आजारी असताना, बॉलपेन चालतंय का बघायला काकांनी त्यावर निळ्या रेघोट्या मारल्या होत्या. "डॉक्टरांचा नंबर घ्यायचा होता हो. पानावर काही लिहिलंय, हे बघितलंसुद्धा नाही मी." ती निळी शाई या कॅमेऱ्याला दिसत नाही, पेन्सिल मात्र दिसते. सगळा खटाटोप त्यासाठी. पण त्यांच्या लेन्सनं फोटोच्या मधोमध पांढरा डाग पडायचा, नेमका शब्दांवर. पान बाजूला सरकवलं की अक्षरं धूसर. वर्षभर हेच चाललं होतं.

परवा आमच्या माळ्यावर एक जुनी लेन्स सापडली, ती काकांनी जोडणीची कडी लावून कॅमेऱ्यावर बसवली. भर उन्हात गच्चीवर मी वही धरली, काकांनी लेन्सची रिंग फिरवली. डाग नाही! रेघोट्या गायब झाल्या आणि स्क्रीनवर काकूंचं तिरकं अक्षर आलं.

"शेंगोळे. मीठ निम्मंच घालावं. यांचं बीपी, डॉक्टरांनी बजावलंय. यांना कळू देऊ नये. लिंबू जास्त पिळावं."

जेवण अळणी आहे म्हणून काका रोज ओरडायचे. समोरच्या दारातून ते भांडण मी कित्येक वर्षं ऐकलंय. काकूंचा आवाज त्यात कधीच नसायचा.

"हललाय," काका म्हणाले. "परत काढू."

फोटो अगदी स्पष्ट होता. मी वही तशीच धरून ठेवली. त्यांनी आणखी सात-आठ फोटो काढले.

"सांगायचं ना मला," ते वहीकडे बघत म्हणाले. "गुमान खाल्लं असतं की मी."

मग कॅमेरा खाली घेतला.

"नसतं खाल्लं."