नानांची कॅनडाची पेटी

माझ्या मुलीच्या बारशाला नाना आले. बाळाला दोन्ही तळहातांवर घेतलं, डोळे मिटले आणि भरल्या घरात म्हणाले, "तीन किलो आठशे. बाई, हिले कॅनडाले धाडाले तुना बठ्ठा पगार जाई."

पाहुण्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी पोरगी हिसकावूनच घेतली. पण खरं सांगते, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात काट्यावर ठेवली तर तीन किलो आठशेच भरली.

नाना मूळचे धुळ्याकडचे, सोनगीरचे. उभी नोकरी वरणगावला, कारखान्याच्या पॅकिंग खात्यात. आता जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्यापासून दोन घरं सोडून एकटेच राहतात. बोलणं सुरू होतं शुद्ध मराठीत, आणि चिडले की अहिराणीत उतरतं. "मनी पेटीमा आजलोंग काही फुटनं नही," हे रोज एकदा ऐकावं लागतं. ऐकल्याशिवाय चहा मिळत नाही.

आणि मग त्यांचे ते यशवंतराव! कारखान्यातले सोबती, क्वार्टरला भिंतीला भिंत. म्हातारपणी मुलानं त्यांना कॅनडाला नेलं. ते एकदा फोनवर बोलून गेले, "नाना, इथे सगळं मिळतं रे, फक्त बिबडी मिळत नाही." झालं! तिथून आमच्या मागे जी साडेसाती लागली ती आजतागायत.

बिबडी म्हणजे आमच्या खानदेशातला ज्वारीचा पापड. लसूण-मिरची घातलेला, ताटाएवढा, उन्हात खडखडीत वाळवलेला. वजनाला काही नाही, पण नुसतं बोट लावलं तरी मोडतो. नानांनी त्याच्यासाठी सागवानी फळ्यांची पेटी ठोकली. पोस्टातल्या ताईंनी ती दोन्ही हातांनी काट्यावर चढवली आणि म्हणाल्या, "आजोबा, माल सव्वा किलो आणि पेटी पाच किलो. पेटी पाठवायची आहे की माल?"

मग पुठ्ठ्याची पेटी केली. मग पाठवणावळीचा भाव काढायला माझ्या स्कूटीवरून जळगावभर वरात. पोस्टात एक भाव, कुरिअरवाल्याकडे दुसरा, त्याच्या शेजारच्याकडे तिसरा. एकानं सोमवारी सांगितलेला भाव गुरुवारी वाढला होता. का, तर म्हणे इंधनाचा अधिभार. शेवटी एका पोरसवदा मालकानं पट्टी घेऊन पेटीची लांबी, रुंदी, उंची मोजली आणि सांगितलं, "काका, वजन कमी आहे, पण जागा जास्त खातेय. पैसे जागेचे लागतील."

"म्हणजे आतल्या हवेचे?"

"तसंच समजा."

नाना दुकानाच्या पायरीवर मटकन बसले. "बाई, तू विज्ञान शिकवतेस ना? सांग माले. हवानं बी वजन शे का?"

मी दरवर्षी सातवीला फुग्यांचा प्रयोग करून हवेला वजन असतं हे सिद्ध करून दाखवते. त्या दिवशी मी पर्समध्ये स्कूटीची किल्ली शोधायला लागले.

उन्हाळ्यात त्यांनी गल्लीतल्या बायकांना बशीएवढी बिबडी करायला सांगितली, म्हणजे पेटी लहान होईल. बायकांनी त्यांना गच्चीवरून हाकलून दिलं. अखेर गेली पेटी पोस्टानंच, ताटाएवढ्या बिबड्यांसकट. वर माझ्याच अक्षरात चिठ्ठी, 'काचेसारखे जपा'.

फॉर्मही मीच भरत असे. त्यात एक रकाना होता, वस्तूंची किंमत. मी विचारलं, "तीनशे लिहू?"

नाना भडकले. "मी काय भिकारी शे का? दहा हजार लिख!"

"अहो, पण..."

"आपल्याकडे लग्नात आहेर माइकवर पुकारतात की नाही? मना दोस्तना आहेर तीनशेना?"

काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "आजोबा, खरं तेवढंच लिहा." नानांनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की त्या शिक्के मारायला लागल्या. आणि मी, शिकलीसवरलेली बाई, गुपचूप दहा हजार लिहिलं. कटकट नको म्हणून लिहिलं, दुसरं काय!

अशा दोन पेट्या गेल्या. दोन्ही वेळेस यशवंतरावांचा फोन आला, "एकही फुटली नाही रे नाना!" नाना आठवडाभर गल्लीत छाती काढून फिरले.

तिसरी पेटी तीन महिन्यांनी परत आली. कोपरे शाबूत, वर परदेशी स्टिकर. एका स्टिकरवर लिहिलं होतं की घेणाऱ्यानं कर भरला नाही. "पत्ता चुकना व्हई," नाना म्हणत राहिले. मी त्यांच्या ओसरीवर बसून व्हिडिओ कॉल लावून दिला.

यशवंतराव जाड स्वेटरात, खिडकीशी बसलेले. आधी इकडचं तिकडचं बोलले. मग खाली बघत म्हणाले, "नाना, तू किंमत लिहितोस ना, तिच्यावर इथलं सरकार कर लावतं. तो भरल्याशिवाय पेटी देत नाहीत. माझ्या हातात पैसा नसतो रे. मागच्या दोन्ही वेळेस सुनेकडे मागितले. ती काही बोलली नाही. पण तिसऱ्यांदा माझं तोंड उघडलं नाही. तू आता पाठवू नकोस."

फोन बंद झाल्यावर नाना पेटीच्या कोपऱ्यावरून हात फिरवत राहिले. "मी त्याले हात पसराले लावं," एवढंच म्हणाले. ते दहा हजार माझ्याच अक्षरात होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच नाना दारात हजर, हातात तीच पेटी. पोस्टात मी फॉर्म काढला आणि घाईनं म्हणाले, "नाना, खरी किंमत लिहू या. तीनशे. कर लागणार नाही."

"नही. शाबूत आहेर तीनशेना म्हणून मी धाडणार नाही."

त्यांनी काउंटरवरच पेटी उघडली. वरची बिबडी दोन्ही हातांत घेतली, जरा वेळ पाहिली आणि मोडली. मग दुसरी. मग तिसरी. आयुष्यभर कशालाही तडा जाऊ न दिलेला माणूस रांगेतल्या लोकांसमोर एकेक बिबडी मोडत होता. पोस्टातल्या ताईंनी न सांगता आतून एक लहान खोकं आणून दिलं. सगळा चुरा त्यात मावला.

"आता लिही," नाना म्हणाले. "फुटकी बिबडी. किंमत पन्नास रुपये. आता हे काही खोटं नाही."

मी लिहिलं. 'काचेसारखे जपा'ची चिठ्ठी खोक्यावर चिकटवायला काढली, तर त्यांनी ती माझ्या हातातून घेऊन घडी करून खिशात ठेवली.

ताईंनी खोकं काट्यावर ठेवलं. टपालखर्च बराच कमी आला. मी म्हटलं, "बघा नाना, नुसत्या पेटीचं वजन केवढं होतं!"

नानांनी काट्याकडे पाहिलंच नाही. ते तळहाताला चिकटलेला चुरा बोटानं टिपून त्या खोक्याच्या फटीतून आत टाकत होते.