तीन ठिकाणी वाटलेला अँप्लिफायर

देवरावभाऊ एकटेच राहतात, आणि मागच्या हिवाळ्यापर्यंत त्यांच्या घरात दार आपटायला सक्त मनाई होती. पाहुणा असो की सिलिंडरवाला, उंबरा ओलांडायच्या आत भाऊंचा आवाज यायचा, "हळू बावा, हळू! अंदर काच आहे." ही काच म्हणजे कपाटातल्या स्टीलच्या डब्यात, कापसावर निजवलेले जुन्या अँप्लिफायरचे पाच व्हॉल्व्ह, दिव्यासारख्या काचेच्या नळ्या. दिवाळीत फटाके सुरू झाले की भाऊ तो डबा मांडीवर घेऊन बसायचे. मी फराळाचं ताट घेऊन गेले की म्हणायचे, "बसा बाई. पण दणकन बसू नोका."

वर्ध्याजवळच्या सेलूला मी त्यांच्या शेजारी अकरा वर्षं राहते. शाळेत मुख्याध्यापिका आहे. यादी केल्याशिवाय मला भाजीसुद्धा आणता येत नाही. भाऊंना याद्यांचा भारी तिटकारा. "कागद पाहून पाहून माणूस जगते का, बाई?"

तरुणपणी भाऊ हिंगणघाटला गिरणीत होते, आणि शालिक नावाच्या जोडीदाराबरोबर ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. दोघांनी नागपुरातून एक वापरलेला, विलायती, व्हॉल्व्हचा गिटार अँप्लिफायर विकत घेतला. येताना पॅसेंजरमध्ये जागा नव्हती म्हणून आळीपाळीने त्याच्यावरच बसून आले. त्याला एकाच वेळी दोन गिटारी जोडता यायच्या आणि आवाजाची बटणं दोन होती. सगळा घोटाळा त्या बटणांनी केला. शालिकने आपलं बटण जरा फिरवलं की भाऊ आपलं फिरवायचे. गणपतीतल्या एका कार्यक्रमात दोघांनी ती इतकी फिरवली, की गाणारी बाई माईक खाली ठेवून सरळ घरी निघून गेली.

ऑर्केस्ट्रा मोडला. मग अँप्लिफायर कोणाचा? शेताची करावी तशी त्याची वाटणी झाली. भाऊंनी व्हॉल्व्ह काढून घेतले. शालिकने स्पीकर उचकटला आणि आपल्या गावी, पुलगावला नेला. उरलेली लाकडी पेटी, वायरी-ट्रान्सफॉर्मरसकट, हिंगणघाटच्या एका बिछायतवाल्याच्या, म्हणजे मांडव-खुर्च्या भाड्याने देणाऱ्याच्या, गोदामात मांडवाच्या बल्ल्यांजवळ ठेवलेली होती, ती तिथेच राहिली. तीस वर्षांहून जास्त काळ तिन्ही ठिकाणी आवाज बंद. पण आपला हिस्सा कोणी दुसऱ्याला दिला नाही.

"शालिक मेला का जिता आहे, मले काय त्याचं?" भाऊ म्हणायचे. कोणी न विचारता, महिन्यातून दोनदा तरी म्हणायचे.

मागच्या हिवाळ्यात बिछायतवाल्याच्या मुलाचा फोन आला. गोदाम पाडायचं आहे, पेटी घ्यायची असेल तर रविवारपर्यंत घ्या, सोमवारी भंगारवाला येतो. भाऊ चप्पल न घालताच माझ्याकडे आले.

"बाई, गाडी काढा."

मी आधी यादी काढली. ट्रान्सफॉर्मर जळलाय का, वायरी उंदरांनी खाल्ल्या का, लाकडाला वाळवी आहे का, आणि सगळ्यात खाली, लाल शाईने: विकणाऱ्यासमोर आनंद दाखवायचा नाही.

"अन् स्पीकरचं काय?" मी वाटेत विचारलं.

"स्पीकर बजारात ढिगानं भेटते. त्या माणसाच्या दारात मी पाय नाई ठेवत."

गोदामात पेटी खुर्च्यांच्या थप्पीमागे होती, तिच्यावर रंगाचे रिकामे डबे. भाऊंनी डबे उतरवले, मागच्या बाजूने पेटीत डोकं घातलं आणि खोल श्वास घेतला. "तोच वास, बाई! तोच!" मग त्यांनी गुडघ्यांवर बसून पेटीला दोन्ही हातांनी मिठी मारली.

"काका, अंदर काहीच नाही बरं," तो मुलगा बिचारा स्वतःच म्हणाला. "खाली खोकं आहे."

"तुले काय समजते बे? सोनं आहे, सोनं!"

माझी लाल ओळ तिथेच बाद झाली. मुलाने भाव सांगितला, तो भाऊंनी धड ऐकलाही नाही.

परतताना वर्ध्याला एका म्हाताऱ्या रेडिओ मिस्त्रीकडे थांबलो. त्याने जुने कंडेन्सर बदलले, दोन वायरी नव्या टाकल्या. व्हॉल्व्हना मात्र भाऊंनी त्याला हात लावू दिला नाही. श्वास रोखून, एकेक करून स्वतः बसवले. मग मिस्त्रीने नवा स्पीकर पुढे केला.

"हा नाई जमत," भाऊ म्हणाले.

"काऊन?"

"बारीक आहे."

मिस्त्रीने दुसरा काढला. तो फार मोठा निघाला. तिसरा नेमका मापाचा होता. भाऊंनी तो उलटा केला, सुलटा केला, बोटाने वाजवून पाहिला.

"रंग नाई पटला," ते म्हणाले.

मी गाडीत बसले. "भाऊ, सेलू की पुलगाव?"

"गाडी तुमची, बाई. मी काय सांगू?" ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "पण पुलगावचा रोड आता चांगला झाला म्हणतात."

पत्ता विचारावा लागला नाही. तो त्यांना पाठ होता. वाटेत देवळी गाव आलं. भाऊ हळूच म्हणाले, "त्यानं दारच नाई उघडलं तं?"

"तर परत येऊ."

"हो," ते म्हणाले. "परत येऊ." आणि रुमालाने चष्मा पुसत बसले.

दार शालिकभाऊंनीच उघडलं. किडकिडीत म्हातारा, खांद्यावर दुपट्टा. त्यांनी भाऊंकडे पाहिलं, माझ्या गाडीतल्या पेटीकडे पाहिलं आणि आत निघून गेले. भाऊ फाटकाचा गज धरून उभे. मी गाडी वळवायच्या विचारात होते, तेवढ्यात शालिकभाऊ गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी पोटाशी धरून बाहेर आले.

"व्हॉल्व्ह फोडून टाकले असशीन," ते म्हणाले.

"तुहा स्पीकर उंदरानं खाल्ला असन," भाऊ म्हणाले.

"अंदर ये नं. का रस्त्यावरच भांडतं?"

स्क्रू बसवायला अर्धा तास लागला. दोघेही एकमेकाला "तुले काही जमत नाई" म्हणत होते. अखेर बटण दाबलं. आधी काहीच नाही. मग काचा हळूहळू तांबूस झाल्या आणि स्पीकरमधून बारीक घुमघुम येऊ लागली.

"आता वाजवा काहीतरी," मी म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गिटार कोणाकडेच नव्हती. भाऊंनी मुलीच्या लग्नाआधी विकली होती, शालिकभाऊंनी पुलगावची मिल बंद पडून काम गेलं तेव्हा. तरी दोघे पेटीला कान लावून ती नुसती घुमघुम ऐकत बसले. चहा निवून गेला.

निघताना मी पेटीला हात घातला, तर भाऊ म्हणाले, "राहू द्या इथंच."

"अहो भाऊ, एवढा खटाटोप करून?"

"बिघडवजो नोको," ते शालिकभाऊंना म्हणाले. "येतो मी पाह्यले."

"जेवालेच येजो," शालिकभाऊ म्हणाले. "मीही एकटाच राह्यतो."

आम्ही परत निघालो. देवळी मागे पडल्यावर भाऊंनी घसा साफ केला.

"बाई, पुलगावले सकाळची पहिली बस कितीले असते हो?"