तपकिरी रिंग

"गळती ही पाण्याची नसते, माणसाच्या वृत्तीची असते!" ओट्यापुढे उभं राहून साहेबांनी जाहीर केलं, आणि त्याच क्षणी त्यांचा डावा पायमोजा चिंब भिजला.

स्वयंपाकघरातला नळ तीन महिने गळत होता. खाली ठेवलेलं पातेलं भरलं की उरलेलं पाणी जमिनीवर उतरे आणि घरातल्या कर्त्या पुरुषाला शोधत येई.

"वृत्तीची असू दे," फडकं पुढे करत बायको म्हणाली, "पण बावीस वर्षं सील बनवणाऱ्या माणसाच्या घरात नळ गळतो, हे मी कुणाला कोणत्या तोंडाने सांगू? परवा जाऊबाई विचारत होत्या, भावोजी कारखान्यात नक्की करतात तरी काय?"

घाव वर्मी लागला. साहेब करत काय, ते सांगायला हवं. डिझेल इंजिन थंडीत सकाळी लवकर उठत नाही. त्याच्या पोटात पेन्सिलीएवढा एक हीटर खुपसून त्याला आधी ऊब द्यावी लागते. त्याला ग्लो प्लग म्हणतात. आता इंजिनच्या पोटातला धगधगता वायू या प्लगच्या आतून वाट काढून बाहेर निसटू नये, म्हणून जो बंदोबस्त करावा लागतो, तो सील. साहेब या बंदोबस्ताचे प्रमुख होते. स्वतःचा राग सोडून दुसरं काहीही बाहेर निसटू द्यायचं नाही, हे त्यांचं ब्रीद होतं. कारखान्यात त्यांना पाठीमागे 'कुकर' म्हणत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी खिशातून एक तपकिरी रबरी रिंग काढली, नळाची मान उपसली, रिंग चढवली आणि मान परत खाली दाबली. नळ एकदम गप्प झाला.

"कुठून आणलीत?" बायकोने विचारलं.

"आमच्याकडे पायलीला पन्नास पडल्यात," साहेब म्हणाले आणि कोरडे पायमोजे घालून दोनदा उगाचच ओट्यापुढून फिरले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजता चाचणी होती. इंजिन कंपनीच्या तपासणीवाल्या बाई येणार होत्या. साहेबांचं नवं सील आधी दोनदा नापास झालं होतं. तिसऱ्यांदा झालं, तर सील रद्द, साहेबांचा विभाग बंद आणि साहेबांची बदली पॅकिंगमध्ये, खोक्यांवर चिकटपट्टी मारायला. हे मॅनेजरने लेखी कळवलं होतं.

चाचणी अगदी साधी असते. पोलादाच्या एका ठोकळ्यात, म्हणजे जिगमध्ये, प्लग बसवायचा, खालून हवेचा दाब द्यायचा आणि सगळं काचेच्या टाकीत पाण्याखाली बुडवायचं. मिनिटभरात एकही बुडबुडा दिसता कामा नये.

ही चाचणी घेणारे काका निवृत्तीला आलेले होते. साहेब सकाळी प्रयोगशाळेत शिरले, तेव्हा ते हातात रिकामी बशी घेऊन उभे होते.

"साहेब, एक सांगायचं होतं."

"मला कारणं नकोत!" साहेब कडाडले. "अकराला जिग तयार पाहिजे."

"तेच म्हणतोय. जिगमधली जी—"

"काका! कारणं? नकोत!"

काकांनी बशी खाली ठेवली आणि हाताशी होतं त्यात जिग तयार केली.

अकराला बाई आल्या. मान हलवून नमस्कार, गळ्यात स्टॉपवॉच, तोंडातून शब्द नाही. प्लग बसला, दाब चढला, जिग पाण्यात गेली. सातव्या सेकंदाला एक बुडबुडा ऐटीत वर आला आणि फुटला. मागून त्याचं सगळं खानदान आलं.

"दुसरा प्लग लावा!" साहेब म्हणाले. दुसरा लावला. खानदान तेच. तिसऱ्या प्लगला तर टाकी रटरट उकळतेय असं वाटू लागलं.

साहेबांनी स्टोअरकीपरला बोलावून घेतलं. "प्लगची पेटी उन्हात ठेवलीत ना? रबर कडक झालं!"

"साहेब, स्टोअरला खिडकीच नाहीये. तीन वर्षं अर्ज करतोय."

"उलट उत्तर देऊ नका! टर्नरला बोलवा!"

लेथवरचा टर्नर हात पुसत आला. "तुम्ही प्लग बसवायची भोकं वाकडी पाडलीत!" साहेब गरजले.

"वाकडं असतं तर प्लग आत गेलाच नसता साहेब," टर्नर शांतपणे म्हणाला आणि पुढची गंमत बघायला स्टोअरकीपरशेजारी उभा राहिला.

आता उरला रबरवाला. साहेबांनी त्याला फोन लावला. "तुम्ही रबर बनवता की चघळायचं गम? आजपासून तुमची सगळी ऑर्डर रद्द! सगळी म्हणजे सगळी!" पलीकडून काही ऐकू येण्याआधीच त्यांनी फोन आपटला. 'कुकर'ची ही चौथी शिट्टी होती.

"साहेब, एक सांगू?" काका म्हणाले.

"नको!"

"मी सांगते," बाई पहिल्यांदाच बोलल्या. "बुडबुडे प्लगमधून येतच नाहीयेत. जिगच्या बुडातून येतायत. जिगमध्ये रिंग कुठली लावलीय?"

"काळी, साधी," काका म्हणाले. "सकाळपासून तेच सांगायला बघतोय. जिगची खरी रिंग तपकिरी. रोज पाच वाजता काढायची, धुवायची आणि बशीत वाळत ठेवायची, म्हणजे ती दबून बसत नाही. काल ठेवली. आज बशी आहे, रिंग नाही."

"चोरी!" साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "माझ्या विभागात चोरी! ज्याने कुणी ती रिंग उचलली असेल, त्याला आज, आत्ता, या क्षणी घरी बसवतो! काका, लिहून घ्या! नालायक माणूस! बशीवर एवढी ठळक चिठ्ठी आहे, 'हात लावू नये'—"

चिठ्ठीवरचं अक्षर त्यांचंच होतं. बशीही ओळखीची होती. साहेबांनी चिठ्ठीवर हळूच हात ठेवला.

"दुसरी मागवून घ्या," बाई म्हणाल्या. "दीडला माझी गाडी आहे."

"मागवली असती," काका म्हणाले, "पण तपकिरी रिंग एकच माणूस बनवतो. त्याची ऑर्डर साहेबांनी आत्ताच रद्द केली. सगळी."

साहेब बाहेरच्या जिन्यात गेले आणि बावीस वर्षांत प्रथमच फोनवर कुजबुजले. "अगं, ऐक ना. नळातली ती रिंग काढ."

"काय? तीन महिन्यांनी जरा जमीन कोरडी झालीय. मी नाही काढत."

"अगं, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे!"

"पायलीला पन्नास होत्या ना?"

"एकच होती," साहेब म्हणाले. 

पाऊण वाजता प्रयोगशाळेचं दार उघडलं. शेजारणीच्या स्कूटरवर मागे बसून आलेली बायको, केसांत पाण्याचे थेंब आणि हातात औषधाची जुनी डबी.

"ही घ्या तुमची रिंग. काढताना अख्खी आंघोळ झाली माझी. घरी मेन कॉक बंद केलाय." तिने अजून बुडबुडणाऱ्या टाकीकडे पाहिलं. "अगंबाई, इथेही गळतंय? हे म्हणतात, गळती माणसाच्या वृत्तीची असते."

टर्नर आणि स्टोअरकीपर दोघेही छताकडे बघू लागले. काकांनी डबी घेतली, रिंग धुतली आणि गंभीरपणे विचारलं, "साहेब, ते घरी बसवायचं लिहून घेतलंय. नाव काय घालू?"

साहेब टाकीच्या काचेत बघत राहिले. काकांनी रिंग बसवली. प्लग चढला. दाब आला. जिग पाण्यात गेली. दहा सेकंद. तीस. पन्नास. साहेबांच्या कपाळावरून घामाचा एक थेंब गळला. खोलीत दुसरं काही गळत नव्हतं. साठ.

"एकही नाही," बाई म्हणाल्या.

साहेब मटकन स्टुलावर बसले. काकांनी जिग उघडली, रिंग काढली, धुतली आणि बशीत ठेवली. बाईंनी कागद पुढे ओढला, 'पास' या चौकटीवर पेन टेकवलं आणि तिथेच थांबल्या. बाईंनी एकदा बशीकडे पाहिलं, एकदा दाराकडे पाहिलं. काकांनी हळूच बशी उचलून पोटाशी धरली.

"साहेब, एक विचारू?" बाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "ही रिंग कुठल्याही नळाला बसते का हो? आमच्या बेसिनचा दोन महिने गळतोय. एखादी जादा असेल तर..."