कोबीच्या वाफ्यावर लागलेला सूर

चार माणसांपुढे उभं राहून बोलायचं म्हटलं की लोकांचे पाय लटपटतात. माझे नाहीत! तीस वर्षं मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळजोडणीचे अर्ज घेतले हे खरं, पण कान पोसलेत ते कीर्तनावर. बुवांनी पूर्वरंगात कुठे थांबावं, उत्तररंगात कुठे डोळे पुसायला लावावेत, आणि मागच्या रांगेत पेंगणारा गृहस्थ नेमका कोणत्या सुराला दचकून जागा होतो, हे सगळं मला पाठ आहे. देवाने ऐकायची एवढी हौस दिली, ती एक दिवस बोलायची संधी देण्यासाठीच, अशी माझी पक्की श्रद्धा होती.

ती संधी धाकट्या बहिणीच्या फोनवरून आली.

"दादा, यंदा आम्हीपण शेत खुलं ठेवतोय!"

तिच्याकडे वर्षातून एकदा शनिवार-रविवार आसपासची सगळी शेतं फाटकं उघडी ठेवतात. कुणीही यावं, गोठे बघावेत, वाफ्यांतून हिंडावं, घरी ताटात पडतं ते कुठून येतं ते बघून जावं. बहीण लग्नाआधी शाळेत शिकवायची. शाळा सुटली, पण मुलांची ओढ काही सुटली नाही.

"शाळेच्या मोठ्या बाई शनिवारी येणारेत," ती म्हणाली. "त्यांना पसंत पडलं तर वर्षभर मुलांच्या सहली आपल्याकडे! नाही पडलं तर ओढ्यापलीकडच्यांकडे. त्यांच्याकडे घसरगुंडी आहे रे!"

"मग अडचण कसली?"

"अडचण ह्यांची!"

आमचे मेव्हणे म्हणजे सोन्यासारखा माणूस. पण बोलणं असं, की प्रत्येक शब्दामागे एक दाढ उपटावी लागते! मुलगी पसंत आहे का, असं आमच्या वडिलांनी विचारलं तेव्हा ते "हं" म्हणाले होते. त्या एका "हं"वर बावीस वर्षं संसार चाललाय, आणि झकास चाललाय. शेत खुलं ठेवायलाही ते एकाच अटीवर तयार झाले होते: आपल्याला बोलायला लावायचं नाही.

"म्हणून तू ये," बहीण म्हणाली. "लोकांना फिरव, माहिती सांग."

मी सहा दिवस तयारी केली. कोबीवर अर्धा तास, गाजरावर वीस मिनिटं, बिटावर दहा. गायी शेवटी, त्याही लांबूनच, कुरणाच्या कुंपणाबाहेरून. आरशापुढे हातवारे करून पाहिले. बायको दारातून म्हणाली, "अहो, लोक भाज्या बघायला येणारेत, वैकुंठाला जायला नाही!"

आम्ही शुक्रवारी संध्याकाळी पोचलो. सामान ठेवतोय तोच बहिणीने मला बाजूला घेतलं.

"दादा, एकच सांगते. शेतात गायचं नाही हं!"

बास! इथेच माझा पापड मोडला. माझ्या गाण्याबद्दल आमच्या घरात लहानपणापासून एकमत आहे. वडील म्हणायचे, "याला हळू आवाजात भक्ती करायला शिकवा." बायको मला मिक्सर चालू असतानाच गाऊ देते. आता सख्खी धाकटी बहीणसुद्धा!

"अरे, ऐक तरी, कारण..."

"कारण कळलं! पन्नास वर्षांपूर्वीच कळलंय!" असं म्हणून मी ताडताड हातपाय धुवायला निघून गेलो.

त्या क्षणी तिचं वाक्य पुरं होऊ दिलं असतं, तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती.

शनिवारी अकराच्या सुमाराला तीसेक माणसं जमली. छत्री घेतलेल्या एक काकू होत्या, पोस्टातून निवृत्त झालेले एक आजोबा होते, पोराबाळांसकट आलेली दोन-तीन कुटुंबं होती. आणि सगळ्यांच्या पुढे शाळेच्या मोठ्या बाई! पांढऱ्या चपला, हातात वही, नाकावर चष्मा. शिपायाची नजर चुकवून आत आलेल्या माणसाकडे साहेब बघतात ना, तशा त्या कोबीकडे बघत होत्या.

बहिणीने माझ्या कानात पुन्हा पुटपुटून घेतलं, "गायचं नाही!" आणि ती पाहुण्यांसाठी सरबत आणायला घरात गेली. मेव्हणे केव्हाच गोठ्यामागे जाऊन लपले होते. त्यांची टोपी तेवढी गवताच्या गंजीवरून दिसत होती.

मी सुरुवात केली. आवाज मोठा ठेवला, सूर मात्र गिळला. सांगतो तुम्हाला, काय यातना! कीर्तन ऐकून वाढलेल्या माणसाला नुसतं बोलायला लावणं म्हणजे बदकाला कोरड्या जमिनीवर पोहायला लावण्यासारखं आहे. बिटाला लोकांनी माना डोलावल्या. गाजराला माना थांबल्या. कोबीपाशी पोचेपर्यंत काकूंनी छत्री मिटून तिच्यावर हनुवटी टेकवली होती आणि पोस्टातले आजोबा उभ्याउभ्या डुलक्या घेत होते. एक लहान मुलगी आईला मोठ्यांदा म्हणाली, "आई, हे काका संपणार कधी?"

मोठ्या बाईंनी घड्याळात पाहिलं. मग ओढ्याकडे पाहिलं. ओढ्यापलीकडून घसरगुंडीवरच्या मुलांचा किलबिलाट ऐकू येत होता!

बहिणीच्या वर्षभराच्या सहली डोळ्यांदेखत ओढा ओलांडून निघाल्या होत्या, आणि माझ्यामुळे! आता एकच उपाय उरला होता. पेंगणारी सभा कशाने जागी होते, हे मला पाठ होतं. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, बहिणीची क्षमा मागितली, डोळे मिटले, हात वर केला आणि आयत्या वेळी सुचलेली ओळ सोडली:

"मातीमाये, निजला कोबी तुझ्या कुशीत होऽऽऽऽऽ!"

शेवटचा "हो" मी खालून उचलला, वर नेला आणि तिथेच धरून ठेवला. डोळे उघडले, तर काय चमत्कार! सभा टक्क जागी! आजोबा खडबडून सरळ झालेले. काकूंचा आ वासलेला. मोठ्या बाईंच्या नाकावरचा चष्मा घसरलेला. सगळ्यांचे डोळे बशीएवढे!

रंग भरला! मला आतून भरून आलं. पन्नास वर्षं घरच्यांनी दाबून ठेवलेला आवाज, आणि एका सुरात तीस माणसं जिंकली! मी तोच "हो" आणखी वर चढवला. लोक दोन पावलं मागे सरकले. म्हटलं, भारावलेत. मग पोरांना कडेवर उचलून चार पावलं मागे सरकले. म्हटलं, अहाहा, माझ्याभोवती जागा करून देतायत. आजोबांनी माझ्यामागे बोट दाखवलं. मी नम्रपणे मान हलवली. म्हणजे, "गाणारा मी नाही, माझ्यामागे तो परमेश्वर उभा आहे," अशा अर्थी.

तेवढ्यात मानेवर कुणीतरी गरम श्वास सोडला आणि एक खरखरीत, ओली जीभ माझा डावा कान पुसून गेली.

मी वळलो. परमेश्वर नव्हता. गाय होती! आणि तिच्यामागे आणखी एकवीस!

आता बहिणीचं अर्धं राहिलेलं वाक्य सांगतो. मेव्हणे आयुष्यात एकच गोष्ट मोठ्याने करतात. सकाळ-संध्याकाळ गोठ्याच्या दारात उभं राहून गायींना हाक मारतात. खालून वर चढणारी, लांबलचक, शेवटी धरून ठेवलेली. ती हाक आली की गव्हाणीत पेंड पडते, हे गायींना माणसांपेक्षा पक्कं ठाऊक. मी ती हाक कधी ऐकलीच नव्हती. सकाळी मी झोपलेला असतो आणि संध्याकाळी माझंच बोलणं चालू असतं. कुरणाचं फाटक नुसत्या कडीवर होतं, आणि सगळ्यांत पुढची जी गाय, जिला घरात मुकादमीण म्हणतात, ती कडी नाकाने उघडते.

मी पळालो! वाचकहो, चारचौघांत पळू नये हे मलाही कळतं. पण बावीस गायी आपल्याकडे एवढ्या आशेने बघत असल्या की दुसरं काही सुचत नाही. पळता पळता त्यांना थांबवायला मी ओरडलो, "होऽऽ! होऽऽऽ!"

झालं! मुकादमीण दुडक्या चालीने धावायला लागली. तिला वाटलं असणार, आज बोलावणारा फारच कळकळीचा आहे. मी घेवड्याला वळसा घातला, त्यांनीही घातला. मी कोबीवरून उडी मारली, त्यांनी मारली नाही. त्या कोबीतूनच आल्या. मागून बहिणीचा आवाज आला, "दादाऽ, तोंड मिट! आधी तोंड मिट!" आणि सरबताचे ग्लास खाली पडल्याचा आवाज.

समोर एक उघडं दार दिसलं. मी आत घुसलो. आणि ते दार गोठ्याचं होतं!

माझ्यामागून बावीस गायी आत आल्या. पण काय ती शिस्त! ढकलाढकली नाही, आरडाओरडा नाही. आमच्या कचेरीत साहेब यायच्या वेळेला जसे सगळे आपापल्या खुर्चीत दिसतात, तशी एकेक गाय आपापल्या जागेवर जाऊन गव्हाणीत तोंड घालून उभी राहिली. दहावी दहाव्या जागी, अकरावी अकराव्या. मी त्या दोघींच्या मध्ये! पाठीला एक पोट, पोटाला एक पोट. पुढे सरकता येईना, मागे सरकता येईना. श्वास घ्यायचा तोसुद्धा दोघींच्या सोयीने!

दारात लोक गोळा झाले. मोठ्या बाईंच्या पांढऱ्या चपला आता पांढऱ्या राहिल्या नव्हत्या. म्हटलं, गेल्या सहली! बहीण त्यांच्यामागे उभी होती. तिचा चेहरा बघवेना. ओठ घट्ट मिटलेले, डोळे भरलेले. त्या गायींमध्ये जमीन दुभंगली असती तर मी आनंदाने आत गेलो असतो. पण दुभंगायलासुद्धा जागा नव्हती.

"प्रत्येकीला आपली जागा कशी कळते?" मोठ्या बाईंनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडलं, तेवढ्यात अकरावी माझ्यावर रेलली आणि माझा आवाज आतल्या आत राहिला.

मग कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "ही मुकादमीण ठरवते."

मेव्हणे! टोपीला गवत चिकटलेलं, हातात पेंडीची बादली. माणसांकडे त्यांनी पाहिलंच नाही. गायींकडे बघत, एकेकीपुढे पेंड टाकत ते बोलायला लागले. "हिला कडेची जागा लागते, वारा लागतो हिला. ही आणि ही बहिणी. लांब बांधलं तर दूध चोरतात. ही आंधळी आहे एका डोळ्याने, म्हणून त्या बाजूला तिची लेक उभी राहते. मी नाही शिकवलं. आपणहून."

मोठ्या बाईंनी एक बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसल्या. मेव्हणे पाऊण तास बोलले! पाऊण तास! बहीण खांबाला टेकून ऐकत होती. बावीस वर्षांत तिच्या वाट्याला एवढे शब्द एकदम आले नसतील. काकू डोळे पुसत होत्या. मीही पुसले असते, पण हात वर काढता येत नव्हता. कीर्तनं खूप ऐकली. सूर नाही, टाळ नाही, तरी निरूपण इतकं आत जातं, हे पहिल्यांदाच पाहिलं.

शेवटी बाई उठल्या. बहिणीला म्हणाल्या, "घसरगुंडी शाळेतही आहे हो. पहिली सहल पुढच्या महिन्यात आणू?"

बहिणीने बाईंचा हात धरला. मग मेव्हण्यांकडे पाहिलं.

"हं," मेव्हणे म्हणाले.

पाहुणे गेल्यावर मला दोघींच्या मधून काढण्यात आलं. एकवीस कोबी आडवे झाले होते. बहीण माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"उद्या अकरा वाजता पुन्हा लोक येणारेत," ती म्हणाली.

"मी घरातच बसतो," मी म्हणालो. "बाहेर दिसणारसुद्धा नाही."

"बसतोस कसला! बाईंनी सगळ्यांना सांगितलंय. गायी धावत येतात ते बघायला माणसं येणारेत. तू गायचंस! फक्त गोठ्याच्या दारात उभा राहून. कोबीपाशी नाही. आणि पुढे काही बोलायचं नाही, ते हे बोलतील."

बायको म्हणाली, "चला, निदान मिक्सर तरी लावायला नको."

तेव्हापासून शाळेची सहल असली की मला बोलावणं येतं. फाटकावरच्या पाटीवर मेव्हण्यांच्या नावाखाली कार्यक्रम लिहिलाय: "सकाळी अकरा, गायींना हाक." माझं नाव नाही. पण माझी काही तक्रार नाही. माझं गाणं ऐकून लोक पळून जातात, हे मी लहानपणापासून पाहत आलोय. गाणं ऐकून कुणी माझ्याकडे धावत आलं, ते त्या दिवशी पहिल्यांदाच!

(पेंडीचं मला माहीत आहे. मुद्दाम आठवण करून द्यायची गरज नाही.)