शिरपामाळावरची राजकन्या

संताप संताप होतोय नुसता! मोबाइल दरीतच भिरकावला असता, पण त्यात ऑफिसचा ग्रुप आहे.

सगळा दोष माझ्या मेव्हण्याचा, धनेशचा. मी जव्हारला एका कार्यालयात कारकून. साहेबांनी झापलं म्हणून तोंड पाडून बसलो होतो, तर हा शहाणा म्हणतो, "दाजी, हा गेम खेळा. राक्षस मारायचे, राजकन्येचं मन जिंकायचं. टेन्शन खल्लास!" म्हटलं, बघू तरी. (इथेच शेण खाल्लं.)

गेम चांगला आहे, खोटं कशाला बोलू? राजकन्या काही बोलली की खाली तीन उत्तरं येतात. हवं त्यावर बोट ठेवायचं. घरी ही सोय आहे का? पुष्पाने, म्हणजे आमच्या हिने, "भाजी कशी झालीय?" विचारलं की उत्तर आपलं आपणच शोधायचं, आणि चुकलं की रात्री तीच भाजी पुन्हा.

पण राजकन्या महा तोऱ्याची! रोज संध्याकाळी भेटलं नाही की रुसते. राक्षस मारून आणलेला गुलाब तोंडावर फेकते. अगं, राक्षस काय तुझ्या बापाने मारले? त्यात आमच्या घरात रेंज नाही. म्हणून मी रोज गावाबाहेरच्या उंच शिरपामाळावर जायला लागलो. घरी सांगितलं, "शुगर वाढलीय, चालून येतो."

तिथे मके भाजणाऱ्या सरूने ऐकलं, मी मोबाइलला विनवतोय, "राणी, रुसू नको गं! बायकोला थापा मारून आलोय." सरूच्या पोटात मका राहील, गोष्ट राहायची नाही.

दुसऱ्या दिवशी पुष्पा पिशवी भरत होती. "आवणीला खोडाळ्याला चाललेय." दरवर्षी माहेरी भात लावायला जातेच ती. पण पिशवीत लग्नातला शालू दिसला. चिखलात शालू नेसून भात कोण लावतं?

"अगं, शालू कशाला?"

"परत कशाला येऊ? राणी आहे ना तुमची."

"ती मोबाइलमधली आहे गं, खोटी!"

"सगळ्यांच्या मोबाइलमध्येच असतात!"

हाताला धरून तिला शिरपामाळावर नेलं आणि मोबाइल पुढे केला. राजकन्या रडत होती. खाली तीन उत्तरं: 'मी किती शूर आहे बघ', 'हा घे गुलाब', 'गप्प बसून ऐक'. मी आजवर पहिली दोनच दाबत आलो होतो. पुष्पाने तिसरं दाबलं. पुन्हा तिसरं. पुन्हा तिसरंच. राजकन्येने मन मोकळं केलं, तुताऱ्या वाजल्या, मन जिंकलं! राक्षस मारून मारून माझी बोटं झिजली, त्याचं काय?

"तिसरं कधी दाबलंच नाहीत?"

"गप्प बसणं हे काय उत्तर झालं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "घरीही कधी दिलं नाहीत." डोळे भरले होते तिचे. मग म्हणाली, "शालू ठेवते कपाटात. पण आवणीला तुम्ही यायचं."

म्हणून मी आता खोडाळ्याच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभा आहे. इथे रेंज फुल! बांधावर मोबाइल वाजला. हिने खेळाडूचं नाव कधीच बदललंय. 'प्रिय पुष्पा, तुझी वाट बघतेय.'

"राक्षस मी मारलेत!" मी ओरडलो.

"गप्प बसा हो, ती काय म्हणते ते वाचू द्या."

रागारागात मी रोपं खुपसत सुटलो. मागून सासरे कडाडले, "जावईबापू, ही काय लावणी झाली? उपटा सगळं, परत लावा!"

ओठांवर आलेली शिवी गिळली आणि तिसरं उत्तर दिलं.